छोटी आगगाडी आणि तिचे गाव
(मिरज–कोल्हापूर मार्गाच्या प्रतिकृतीच्या निमित्ताने)

आगगाडीची छोटी प्रतिकृती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम इंजिन येते. ते साहजिकच आहे. धावणारी वस्तू स्थिर वस्तूपेक्षा आधी नजरेत भरते. परंतु ज्यांनी अशी प्रतिकृती करण्याचा थोडाफार प्रयत्न केला आहे, त्यांना एक गोष्ट लवकरच कळून चुकते. इंजिन आणि डबे बाजारात विकत मिळतात. गाव विकत मिळत नाही. परदेशी कंपन्यांची तयार घरे मिळतात, पण ती जर्मनीतील वा इंग्लंडमधील असतात. त्यांच्या उतरत्या छपरांवर बर्फ शोभेल, कोल्हापूरचा पाऊस शोभणार नाही. हातकणंगले, रुकडी, वळीवडे ही स्टेशने, पंचगंगेचा पूल, उसाचे फड आणि गुऱ्हाळाचे धुराडे हे सारे आपल्यालाच आपल्या हाताने करावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. गाडी कशी चालते हा नव्हे, तर गाडीभोवतीची जमीन, पाणी, घरे आणि झाडे कशी उभी करावीत हा.

हा खेळ आहे की अभ्यास, असा प्रश्न कोणी विचारील. लेख वाचून झाल्यावर वाचकांनीच त्याचे उत्तर ठरवावे.

थोडा इतिहास

योगायोग असा की, कोल्हापूरला आगगाडी आली आणि जगात खेळण्यातील रेल्वेला शिस्त आली ती एकाच वर्षी. १८९१ साली कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा मिरज–कोल्हापूर हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी जर्मनीतील मार्क्लिन या कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाचे रूळ आणि त्यांवर चालणारी चावीची गाडी मांडली. त्यापूर्वीही खेळण्यातील गाड्या होत्या. पण एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर चालत नसत. रूळ एका मापाचे झाले आणि मग त्यांना नवे फाटे, स्टेशने, पूल जोडता येऊ लागले. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० मध्ये बाजारात आल्या.

तरीही बराच काळ लोकांचे लक्ष गाडीवरच होते. टेबलावर हिरवे कापड अंथरले की झाली जमीन! १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन आहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाचे एक काल्पनिक खोरे उभे करण्यास आरंभ केला. त्यात गाडीइतकेच महत्त्व गावाला होते. रॉय इंग्लंड हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्लंडमधील एका खोऱ्यातील जुनी गवती छपरांची घरे भराभर बदलत आणि नाहीशी होत असलेली त्यांनी पाहिली, आणि ती प्रमाणशीर प्रतिकृतींच्या रूपाने तरी टिकवावीत असा ध्यास घेतला. त्यातूनच लाँग विटनहॅम या खेड्यात १९५४ पासून पेंडन संग्रहालय उभे राहिले. आहर्न यांचे खोरेही आज तेथेच जपून ठेवले आहे.

आपल्याकडचे उदाहरण फार दूरचे नाही. पुण्यात कोथरूड भागात, कर्वे रस्त्यालगत, भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे एक अख्खे छोटे शहर आहे. उड्डाणपूल, सिग्नल, दिव्यांचे खांब, डोंगरावर चढणारी गाडी आणि सर्कससुद्धा आहे. हे शहर अमुक एका ठिकाणचे नाही. जगातील नाना तऱ्हेच्या गाड्या एकत्र नांदाव्यात यासाठी रचलेले ते एक काल्पनिक नगर आहे. एका मराठी माणसाने हे काम किती उंचीवर नेले, हे पाहण्यासाठी प्रत्येकाने एकदा तेथे जावे. आपला विचार मात्र थोडा निराळा आहे. आपल्याला एका खऱ्या मार्गाचे गाव करायचे आहे.

तीन निर्णय : स्थळ, काळ, प्रमाण

करवत आणि सरस हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट स्थळ. मिरज–कोल्हापूर हे अंतर सुमारे ४७ किलोमीटर. प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात ते सुमारे ५४० मीटर भरेल. एवढी लांब खोली कोणत्याही महाविद्यालयात नाही. आठ मीटर लांबीची वर्गखोली घेतली, तरी तीत खरे अंतर ७०० मीटरांहून थोडे कमीच मावते. म्हणजे आपल्याला मार्ग करायचा नसून मार्गातील दोन-तीन ठिकाणे निवडायची आहेत. कोल्हापूरचे यार्ड व गूळ मार्केट, पंचगंगेवरील पूल आणि मधले एखादे छोटे स्टेशन एवढे केले, तरी पाहणारा माणूस मधली गावे मनाने भरून काढतो.

येथे एक नियम लक्षात ठेवावा. घटक लहान करू नये, त्यांची संख्या कमी करावी. पुलाला समजा अनेक गाळे असतील, तर प्रत्येक गाळा आखूड न करता गाळेच कमी घ्यावेत. फलाट ५०० मीटरांचा असेल, तर तो पावणेसहा मीटर लांब करता येत नाही. म्हणून त्याची लांबी कमी करावी, पण रुंदी, उंची आणि छपराचे खांब खऱ्या मापाचे ठेवावेत. घटक लहान केले की सारे खोटे दिसते. संख्या कमी केली, तर ते फक्त छोटे दिसते.

दुसरी गोष्ट काळ. हा मार्ग १८९१ पासून मीटरगेज होता. १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. पुढे वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, आणि आज या मार्गावर विजेच्या तारा आहेत. ज्याला मीटरगेजचा काळ दाखवायचा आहे, त्याने विजेचे खांब दाखवू नयेत, आणि स्टेशनाबाहेर रिक्षांऐवजी टांगे उभे करावेत. १९४३ ते १९४८ हा काळ निवडला, तर वळीवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची वसाहत दाखवावी लागेल. युद्धात घरदार गमावलेली सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, त्या वर्षांत तेथे राहिली. म्हणजे वर्ष ठरवताच आपण इतिहासाच्या अभ्यासात शिरतो. ‘पूर्वी असे होते’ एवढ्यावर प्रतिकृती होत नाही. कोणत्या वर्षी, हे सांगावे लागते.

तिसरी गोष्ट प्रमाण. १:८७ म्हणजे खरे १ मीटर बरोबर प्रतिकृतीतील साडेअकरा मिलिमीटर. या प्रमाणात माणूस १९ मि.मी. उंच होतो, दरवाजा २४ मि.मी., आणि तारेचा सात मीटरांचा खांब ८० मि.मी. आपल्या रेल्वेचा ओळखीचा सुमारे २१.३ मीटर लांबीचा डबा साडेचोवीस सेंटीमीटर होतो. दहा डब्यांची गाडी अडीच मीटरांची! म्हणून चार-पाच डब्यांवर समाधान मानावे.

रुळांच्या मापाची गोष्ट मात्र थोडी गमतीची आहे. बाजारात मिळणारे १६.५ मि.मी. रुंदीचे रूळ हे युरोपातील १४३५ मि.मी. रुळांचे १:८७ रूप आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मि.मी. आहे, त्या प्रमाणात ते १९.३ मि.मी. हवे. बहुतेक छांदिष्ट हा फरक सोडून देतात. पण ज्याला अचूकपणा हवा आणि डबे स्वतः करण्याची तयारी आहे, त्याने १ फूट बरोबर ३ मि.मी. हे प्रमाण घ्यावे. ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे. साडेपाच गुणिले तीन बरोबर साडेसोळा! तयार रूळ आपोआप आपल्या ब्रॉडगेजचे होतात. मीटरगेज १:८७ मध्ये ११.५ मि.मी. येते, आणि १२ मि.मी.चे रूळ त्यासाठी मिळतात. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ पावणेनऊ मि.मी. होतात, त्याला ९ मि.मी.चे रूळ चालतात. ही नॅरोगेज १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली होती. १९७१ नंतर काही वर्षे मिरजेत तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदत होते. प्रतिकृती करणाऱ्याला याहून मोठे आकर्षण ते कोणते?

किल्ला आणि प्रमाण

या कामाची शाळा आपल्याकडे दर दिवाळीला भरते. अंगणातील किल्ला हीच ती शाळा. पोती, दगड, विटांचे तुकडे रचून त्यांवर चिखल लिंपणे, बुरूज करणे, आणि अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत हिरवळ उगवणे ही कला कोल्हापूरच्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. मात्र किल्ला आणि लघुरेल्वे यांत एक महत्त्वाचा फरक आहे. किल्ल्यावर महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा मोठी असते, मावळे तटापेक्षा उंच असतात, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे माप मानाचे असते. ज्याचा मान मोठा, त्याचा आकार मोठा. रेल्वेच्या प्रतिकृतीत माप फुटपट्टीचे असते. तेथे स्टेशन मास्तर आणि हमाल दोघेही १९ मि.मी.च. एकदा ही शिस्त मोडली की डोळा लगेच ओळखतो. झाडाखाली उभा केलेला बैल इंजिनाएवढा दिसू लागला, तर शेजारची उत्तम कारागिरीही वाया जाते.

अळिवाची हिरवळही येथे चालत नाही. १:८७ मध्ये तिचे एक रोपटे चार मीटरांच्या झाडाएवढे होईल, आणि आठवड्यात वाळून जाईल.

जमीन

नवखा माणूस सपाट फळी घेतो, तिच्यावर रूळ ठोकतो आणि मग फळीवर डोंगर ठेवतो. त्यामुळे सारी जमीन रुळांच्या वरच राहते. खऱ्या मार्गाकडे पाहा. कोठे रूळ भरावावरून जातात आणि शेत खाली असते. कोठे माळ खोदून वाट केलेली असते आणि जमीन वर असते. ओढ्यावर मोरी असते. तेव्हा नियम असा : रूळ सपाट, जमीन उंचसखल.

यासाठी अखंड फळीऐवजी लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करावी. रुळांखाली तेवढी १२ मि.मी. प्लायवुडची पट्टी, उभ्या ठोकळ्यांवर चौकटीच्या वर उचललेली. मग नदीला खाली उतरायला जागा राहते. चढ शक्यतो टाळावा. बोरघाटातील खरा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे, आणि तेथे गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. छोट्या इंजिनाला ४० ला १ पेक्षा तीव्र चढ जड जातो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा, तर साडेसात सेंटीमीटर उंची हवी. म्हणजे तीन मीटर लांबीचा चढ आला. आपला मार्ग बहुतांशी मैदानी असल्यामुळे हा प्रश्न सुदैवाने फारसा येत नाही.

वळणाचीही काळजी घ्यावी. ४५ सें.मी. त्रिज्येच्या वळणावर लांब डब्याचा मध्यभाग सुमारे ८ मि.मी. आत येतो आणि टोके जवळजवळ तितकीच बाहेर जातात. फलाट किंवा भिंत आधीच चिकटवली असेल, तर डबा तिला घासतो. सोपा उपाय असा : सर्वांत लांब डब्याच्या मध्याला व टोकाला पेन्सिल बांधावी आणि डबा हाताने वळणावरून फिरवावा. उमटलेल्या रेषांच्या आत काहीही बांधू नये.

टेकड्यांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून सांगाडा करावा. त्यावर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राचे तीन-चार थर द्यावेत आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात फिरवावा. खळीला झुरळे आणि मुंग्या लागतात. म्हणून जुने पुस्तकबांधणीवाले तीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे. लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. पावसाळ्यातील ओलीने पुठ्ठा वाकतो. त्याला दोन्ही बाजूंनी व्हार्निशचा हात द्यावा. एकाच बाजूने दिला, तर तो अधिकच वाकतो.

मातीचा रंग रंगाच्या डबीतून घेऊ नये, मातीतूनच घ्यावा. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला तांबडी जांभ्याची माती आहे, आणि पूर्वेला शिरोळकडे काळी कसदार. ज्या ठिकाणाची प्रतिकृती, तेथील मूठभर माती आणून वाळवावी, पातळ कापडातून चाळावी. फेविकॉल आणि पाणी समभाग घेऊन जमिनीवर लावावे आणि वर माती भुरभुरावी. रुळांतील खडीही अशीच बारीक चाळलेल्या दगडाच्या कचाची करावी. खडी आधी कोरडीच पसरावी, आणि मग पातळ केलेले फेविकॉल थेंबाथेंबाने सोडावे. त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकायला विसरू नये. तो नसेल, तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब गोळा होऊन बसतो आणि खडी वर तरंगते. साबणाने तो ताण कमी होऊन पाणी खडीत शिरते.

पाणी

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून झालेली नदी. ती नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. तिचे पाणी निळे नसते. हिवाळ्यात ते काळपट हिरवे, आणि पावसाळ्यात चहासारखे गढूळ असते. प्रतिकृतीत नदीचा तळ आधी गुळगुळीत करावा, मध्यभागी गडद आणि काठाकडे मातकट रंगवावा. तो वाळल्यावर व्हार्निशचे पातळ थर एकेक दिवसाच्या अंतराने द्यावेत. एकदम जाड थर दिला, तर वरची साय वाळते आणि आतले व्हार्निश ओलेच राहते.

पुलाच्या खांबांवर पुराच्या पाण्याची खूण दाखवावी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रेषा का हवी ते सांगावे लागणार नाही. नदी उन्हाळ्यात एवढीशी, मग पूल एवढा उंच आणि लांब का, या प्रश्नाचे उत्तर ती एक रेषा देते.

घरे आणि स्टेशने

इमारत करण्यापूर्वी ती मोजावी. रेल्वेच्या हद्दीत मोजमापे किंवा छायाचित्रे घ्यायची, तर आधी रीतसर परवानगी घ्यावी, आणि रुळांत कधीही उतरू नये. उंची मोजायला शिडी लागत नाही. १ मीटरची काठी उन्हात उभी करावी. तिची सावली ८० सेंटीमीटर आणि इमारतीची सावली ४ मीटर ८० सेंटीमीटर असेल, तर इमारत ६ मीटर उंच. प्रतिकृतीत ती ६९ मि.मी. होईल. सावली सोयीची नसेल, तर विटांचे किंवा दगडांचे थर मोजावेत. एका थराची उंची मोजून गुणाकार करावा.

भिंतींना जाड पुठ्ठा पुरतो. आतून कोपऱ्यांना आगकाड्या चिकटवल्या की भिंती काटकोनात राहतात. दगडी बांधकाम दाखवायचे, तर पुठ्ठ्यावर प्लास्टरचा पातळ हात देऊन तो अर्धवट वाळला असता सुईने सांधे कोरावेत. आपला काळा दगड नुसता काळा रंगवू नये. त्यात राखाडी, थोडा निळा आणि कोठे तांबूस छटा असतात. नुसता काळा रंग प्रतिकृतीत भोकासारखा दिसतो.

मंगळुरी कौल सुमारे ४० सें.मी. लांब असते, म्हणजे साडेचार मि.मी. वेष्टनात येणाऱ्या नालीदार कागदाच्या पट्ट्या खालून वर, एकीवर एक चढवून चिकटवल्या की कौलारू छप्पर होते. सगळी कौले एका रंगाची करू नयेत. नवी तांबडी, जुनी काळसर, उत्तरेच्या बाजूची शेवाळलेली आणि मध्येच बदललेली दोन-चार लख्ख. छपराची पाखे भिंतीच्या पुढे पुरेशी आलेली असावीत. आपल्याकडचा पाऊस तिरपा येतो, आणि घर बांधणाऱ्याने ते जाणलेले असते. स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी. अक्षरे हाताने जमत नसतील, तर पाटीचे छायाचित्र लहान करून चिकटवावे.

गुऱ्हाळ हा या मार्गाचा आत्मा आहे. शाहूपुरीची गुळाची पेठ आणि रेल्वे यांचे नाते जुने. गूळ मार्केट या नावाचे स्टेशनच या मार्गावर आहे. गुऱ्हाळ करताना उसाचा घाणा, चुलवाण, त्यावरची काहील, धुराडे, वाळत पडलेला चिपाडाचा ढीग आणि गुळाच्या ढेपा एवढे दाखवावे. नुसती झोपडी आणि धूर म्हणजे गुऱ्हाळ नव्हे. ऊस कोठून येतो, रस कोठे जातो, जळण कोठे पडते आणि ढेपा गाडीत कोठून भरतात, हा क्रम मांडणीतून वाचता आला पाहिजे.

झाडे आणि पिके

झाडांसाठी वाळलेल्या झुडपांची मुळे उत्तम. ती स्वच्छ धुऊन उलटी धरली की फांद्यांचा आकार तयारच असतो. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरून, रंगवून पाने करता येतात. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात घोळून वाळवला की गवत होते, आणि चहाचा वाळवलेला चोथा पालापाचोळ्याला चालतो. बाभूळ विरळ आणि पसरट, वड भारदस्त, आंबा गोल व दाट, असा प्रत्येकाचा घाट असतो. साऱ्या झाडांना एकच गोल आकार दिला, तर ते बागेतले वाटतात, बांधावरचे नव्हेत.

उसासाठी काथ्याचे ३० ते ३५ मि.मी. लांबीचे तुकडे हिरवे रंगवून ओळीत रोवावेत. दोन सऱ्यांत तीन-चार फूट अंतर असते, म्हणजे १० ते १४ मि.मी. एक गुंठा जमीन या प्रमाणात साडेअकरा सेंटीमीटरचा चौरस होतो. एक एकर ७३ सेंटीमीटरचा. अख्खे शेत टेबलावर मावणार नाही. म्हणून शेत टेबलाच्या काठाने खुशाल कापले जाऊ द्यावे. पाहणाऱ्याला ते पुढेही आहे असे वाटते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऋतू एकच असावा. गुऱ्हाळ धुरावत असेल, तर दिवाळी होऊन गेलेली आहे. मग नदीचे पाणी उतरलेले, माळाचे गवत पिवळे पडू लागलेले, काही फड तोडलेले, काही उभे, आणि उभ्या उसाला कोठे तुरे आलेले असले पाहिजेत. त्याच वेळी टेकडी श्रावणातल्यासारखी हिरवीगार दाखवली, तर प्रत्येक भाग सुंदर असूनही सारे मिळून खोटे ठरते.

पडदा आणि प्रकाश

टेबल संपते तेथे भिंत सुरू होते, आणि भिंतीवर जोतिबा–पन्हाळ्याचे डोंगर हवेत. येथे कोल्हापूरच्या परंपरेचा वारसा उपयोगी पडतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी मराठी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले पडदे नावाजले गेले. पुढे बाबूरावांनी ‘सैरंध्री’ (१९२०) पासून चित्रपट काढले आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी घन नेपथ्य उभे करण्यावर भर दिला. पडद्याची मर्यादा ज्याला पुरती माहीत होती, त्यानेच पडद्याच्या पुढे पाऊल टाकले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मर्यादा अशी की, पडद्यावरील खोली एकाच जागेवरून खरी दिसते. नाटकाचा प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो. आपला प्रेक्षक टेबलाभोवती फिरतो. म्हणून भिंतीवर रस्ते, घरे, रुळांच्या रेषा असे काही रंगवू नये. बाजूने पाहताच त्या मोडलेल्या दिसतात. फक्त आकाश आणि दूरचे डोंगर रंगवावेत. दूरचे ते फिकट आणि निळसर; जवळचे ते गडद आणि उबदार. टेबल आणि भिंत यांचा सांधा झाडांच्या रांगेने किंवा बांधाने झाकावा. मागची झाडे व घरे थोडी लहान केली, तर खोली वाढल्याचा भास होतो. दिवा एकाच बाजूने आणि वरून असावा. चार बाजूंनी चार दिवे लावले, तर वस्तूंना चार सावल्या पडतात, आणि आपल्या आकाशात सूर्य एकच आहे.

हे कशासाठी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हा सारा खटाटोप कशासाठी?

मीटरगेज जाऊन पन्नासाहून अधिक वर्षे झाली. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. मिरजेत गाडी कशी बदलावी लागे, टोकनचा गोळा कोण कोणाला कसा देई, सांधेवाल्याची झोपडी कोठे होती, गुळाच्या ढेपा वाघिणीत कशा रचत, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागदोपत्री रेल्वेचा इतिहास राहील. मार्ग केव्हा सुरू झाला आणि केव्हा बदलला, ते तेथे सापडेल. परंतु स्टेशनाच्या मागे विहीर कोठे होती, हे कागद सांगत नाही.

प्रतिकृतीचे वैशिष्ट्य हे की, ती मोघमपणा चालू देत नाही. निबंधात ‘स्टेशनाजवळ काही झाडे होती’ असे लिहून सुटका होते. प्रतिकृतीत किती झाडे, कोणती, आणि फलाटापासून किती अंतरावर, हे ठरवल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. म्हणून जो माणूस ती करतो, त्याला जाऊन विचारावे लागते. आणि विचारायला गेले की आजोबांना विसरलेलेही आठवते. प्रतिकृती त्यांच्यापुढे ठेवली की ‘हे इथे नव्हते, तिथे होते’ असे ते बोट दाखवून सांगतात. मला वाटते, त्या बोटाचे मोल सर्वांत अधिक आहे. रॉय इंग्लंड यांनी आपल्या खोऱ्यासाठी जे केले, ते याहून फार वेगळे नव्हते. घर नाहीसे होण्यापूर्वी ते मोजून ठेवावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

खर्चाची अडचण खरी आहे. धावती गाडी महाग पडते. पण गाडी न धावता गाव करता येते. ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद पाटावर खरी ५२ मीटर लांब व २६ मीटर रुंद जागा मावते. एखादे छोटे स्टेशन, फलाटाचा तुकडा, एक झाड आणि टांगा एवढे तेवढ्यात सुखाने बसते. लागणारे साहित्य म्हणजे पुठ्ठा, माती, काथ्या, भुसा, सरस आणि वेळ. गणेशोत्सवात तालमींचे देखावे उभे करणारे हात आपल्या प्रत्येक वर्गात आहेत.

हे काम एकट्याचे नाही, आणि म्हणूनच ते महाविद्यालयात शोभेल. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशावरून उंचसखल जमीन काढावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी निवृत्त रेल्वे कामगारांना भेटून टिपणे घ्यावीत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गुळाची वाहतूक रेल्वेकडून मालमोटारीकडे कशी गेली ते शोधावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी सांधा, वाघीण, खलाशी, काहील, चुलवाण हे शब्द, ज्यांच्या तोंडी ते अजून आहेत, त्यांच्याकडून ऐकून घ्यावेत. शब्द वस्तूंबरोबर जातात. पण वस्तूची प्रतिकृती समोर असली, की तिच्या अंगांना नावे लागतात आणि शब्द थोडे अधिक टिकतात.

पुढील स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात एका पाटावर असे एक स्टेशन मांडले गेले, आणि ते पाहायला आलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थांनी त्यातील चूक काढली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.